मालिका संपली, आता घरात काय उरलं? टीव्ही, सिनेमा आणि गाण्यांची पारख ख्रिस्ती घरात कशी करावी

माझ्या लहानपणी वसईतल्या आमच्या घरी संध्याकाळी सातला जपमाळ असायची. मग केबल आली आणि सातलाच मालिका सुरू झाली. आजीने आधी जपमाळ साडेसहाला आणली. तेही जमेना, तेव्हा तिने तोडगा काढला: एका जाहिरातीच्या ब्रेकमध्ये एक रहस्य (जपमाळेच्या पाच भागांपैकी एक). आवाज बंद करायचा, दहा ‘नमो मरिये’ म्हणायचे, की नायिकेची सासू परत हजर. अर्ध्या तासात तीन रहस्यं व्हायची, उरलेली दोन जेवणानंतर. आम्ही हसायचो. आता वाटतं, त्या घरात टीव्हीबद्दल काहीतरी ठरवणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही नुसते बसलेलो.

गेली काही वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. पालक भेटले की एकच प्रश्न येतो, ‘टीचर, अमुक सिरीज बघितली तर चालेल का?’ प्रश्न प्रामाणिक असतो, पण तो विचारणारा कुंपण शोधत असतो: कुठपर्यंत गेलं तर पाप नाही? माझा अनुभव असा, की त्याजागी दुसरा प्रश्न ठेवला तर काम सोपं होतं. बघून झाल्यावर तुझ्यात काय उरलं? या लेखातली सगळी खटपट त्या एका प्रश्नासाठी आहे. मी कॅथलिक आहे, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त आहेत. पण प्रॉटेस्टंट मंडळींच्या संडेस्कूलमध्येही हीच पद्धत चालेल. बायबल दोघांचंही तेच.

आधी दोन सवयी बाजूला ठेवा

एक सवय म्हणजे ‘हे सगळं सैतानाचं’ म्हणून हात झटकणं. दुसरी म्हणजे ‘टाइमपास आहे, एवढं काय’ म्हणून सगळंच आत घेणं. दोन्हीत डोकं चालवावं लागत नाही, म्हणून दोन्ही सोप्या आहेत.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ काढा. पौल अथेन्समध्ये येतो. शहरभर मूर्ती पाहून तो अस्वस्थ होतो, तरी तो हिंडतो, निरखून पाहतो, एका वेदीवरचा लेख वाचतो आणि भाषणात ग्रीकांच्याच कवींचे शब्द वापरतो. म्हणजे ते कवी त्याने वाचलेले होते. अस्वस्थता खरी आणि अभ्यासही खरा.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केलं. नवख्रिस्ती लोकांच्या घरातली जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी काय ऐकायचं? या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) मराठी ओवी हातात घेतली आणि जवळपास ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ओवी म्हणजे तेव्हाचं लोकांच्या तोंडी असलेलं माध्यम. तीनशे वर्षांनी नगरकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि अभंगाच्या बाबतीत तेच केलं.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगते, कारण ती वर्गात सांगितली की मुलांचे डोळे मोठे होतात. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरचा एक मूकपट लागला होता. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके होते. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण येत होते, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातून पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. भारतीय सिनेमाच्या जन्माशी आपल्या प्रभूची गोष्ट अशी आडवाटेने बांधलेली आहे. ‘सिनेमा आपला नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच ऐकवते.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

एक वही घ्या, टीव्हीशेजारी ठेवा. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने काय पाहिलं, काय ऐकलं, किती वेळ आणि कोणासोबत, एवढंच लिहायचं. रील्ससुद्धा. शेरा मारायचा नाही, ओरडायचं नाही. आईबाबांचंही लिहायचं. इथेच पहिला झटका बसतो. मुलाच्या गेमवर तावातावाने बोलणाऱ्या एका वडिलांच्या खात्यात रोज रात्री दोन तास वृत्तवाहिनीवरची भांडणं निघाली. ती मनोरंजनात धरायची की नाही यावर त्यांनी माझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, धरा.

आठवड्याच्या शेवटी वही वाचताना एक रकाना आणखी जोडा: ‘ठरवून पाहिलं की आपोआप?’ बहुतेक घरांत आपोआपचा रकाना भरतो. पुढचा भाग न विचारता सुरू होतो, आणि आपण उठत नाही एवढंच. म्हणून पहिला उपाय अगदी क्षुल्लक आहे: ओटीटीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. दोन भागांच्या मध्ये एक शांत पडदा आला, की माणसाला आपल्याला इच्छा आहे हे आठवतं. आजीचा ब्रेक तो हाच.

निवडताना: प्रमाणपत्र वाचा, पण त्याच्याकडून फार मागू नका

भारतात चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि जुन्या सरसकट ‘यूए’चे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी पाहावं की नाही हे पालकांनी ठरवायचं. ‘यू’ सर्वांसाठी, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी, हे पूर्वीसारखंच. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी अशीच वयाची वर्गवारी आणली. सुरुवातीला कोपऱ्यात ‘हिंसा’, ‘शिवराळ भाषा’, ‘व्यसन’ अशा सूचना येतात त्या त्यामुळेच. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोयही त्या नियमांनी सक्तीची केली आहे. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाका. पिन म्हणून लग्नाचं वर्ष ठेवू नका, मुलांना ते पाठ असतं.

पण प्रमाणपत्र सांगतं ते पडद्यावर काय दिसेल एवढंच. त्याबद्दल सिनेमाचं मत काय आहे, हे ते सांगत नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय जसाच्या तसा चित्रित केला तर त्याला ‘ए’ मिळेल. दावीद आणि बथशेबेची गोष्टही कौटुंबिक म्हणता येणार नाही. पाप दाखवणं आणि पापाला टाळ्या मिळवून देणं यात अंतर आहे, आणि बायबल पहिलं करतं. उलट एखादी घरगुती, सणवार-आरत्यांनी भरलेली मालिका रोज रात्री शिकवत असते की सून म्हणजे संशयित, गरीब म्हणजे विनोद आणि माफ करणारी बाई म्हणजे मूर्ख. तिच्यावर कुठलीही सूचना नसते.

फिलिप्पैकरांस ४:८ मधली यादी आपण लग्नपत्रिकेवर छापतो, पण क्रम पाहत नाही. जे काही सत्य, ते पहिलं. शुद्ध त्यानंतर येतं. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे. गोड खोट्यापेक्षा कडू खरं आधी.

परीक्षणं वाचायचीच असतील तर चर्चचीही एक परंपरा आहे, आणि ती आपण समजतो तेवढी सोवळी नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३६ मध्ये चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढलं, त्याचा सूर बराचसा पहाऱ्याचा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ४ डिसेंबर १९६३ ला संपर्कमाध्यमांवरचा आदेश संमत केला. त्यात पालकांची जबाबदारी आहेच, पण या साधनांचं स्वागतही आहे. १९७४ पासून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिळून एक ज्युरी बसते. तिने पहिल्या वर्षी कोणाला निवडलं? जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या चित्रपटाला. त्यात एक उतारवयाची विधवा सफाई कामगार आणि तिच्याहून कितीतरी तरुण मोरोक्कन मजूर यांचं प्रेम आहे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्यावर टाकलेला बहिष्कार आहे. ना देवदूत, ना चमत्कार. सिनेमाच्या शताब्दीला, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी दिली. त्यात ‘गांधी’ आहे, आणि इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा मत्तयच्या शुभवर्तमानावरचा १९६४ चा चित्रपटही आहे. पासोलिनी मार्क्सवादी होता, देव मानत नव्हता. येशूच्या तोंडी त्याने शुभवर्तमानातलेच शब्द ठेवले आणि चित्रपट पोप जॉन तेविसावे यांच्या स्मृतीला अर्पण केला.

पाहताना: तीन प्रश्न, तेही मनातल्या मनात

चालू सिनेमात प्रवचन देणाऱ्या माणसाशेजारी कोणी बसत नाही. प्रश्न मनात ठेवा.

पहिला: इथे दया कोणाच्या वाट्याला येते? मालिकेत रडणारी व्यक्ती शोधा आणि कॅमेरा कोणाच्या रडण्यावर थांबतो ते पाहा. मोलकरणीच्या डोळ्यांतलं पाणी किती सेकंद, मालकिणीचं किती?

दुसरा: सुखाचा शेवट म्हणजे काय मिळतं? लग्न, बंगला, शत्रूचा नाश, की समेट? आपल्याकडच्या लांबलेल्या मालिकांत समेट टिकूच शकत नाही, कारण समेट झाला तर उद्याचा भाग कशाचा? क्षमा हा त्या धंद्याला तोटा आहे. हे एकदा लक्षात आलं की कटकारस्थान करणाऱ्या सासूबाईंवर राग येण्याऐवजी त्यांची कीव येते. बिचाऱ्यांना दोन हजार भाग वाईट राहायचं आहे.

तिसरा: खोटी साक्ष दिली जाते आहे का? (ही आज्ञा आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत आठवी, बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी. वर्गात एकदा यावरून दोन चुलत भावंडांत जुंपली होती.) कोणत्या समाजाबद्दल, जातीबद्दल, कामाबद्दल खोटं चित्र उभं केलं जातंय? आपल्याबद्दलचं आपल्याला चटकन दिसतं. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षं दारूची बाटली, गिटार आणि ‘ए मॅन’ घेऊन आला. खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी रोझी किंवा मोना, स्मगलरचा हस्तक रॉबर्ट. आपण चिडतो, ते योग्यच आहे. पण पुढच्याच दृश्यात मुसलमान, भंगारवाला किंवा तृतीयपंथी व्यक्ती आली की आपण हसतो. खोटी साक्ष शेजाऱ्याविरुद्ध देऊ नको असं म्हटलंय, फक्त माझ्याविरुद्ध नाही.

आणि न्याय करायचा तर पुरता करा. १९५९ च्या ‘अनाडी’त ललिता पवारांनी साकारलेली मिसेस डिसा आठवते? वरून खडूस, आतून आई. आमच्या गल्लीत तशा चार होत्या. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त तर दोन्ही गोष्टी एकाच पात्रात आहेत. अँथनी देशी दारूचा अड्डा चालवतो, म्हणजे साचा आलाच. पण त्याच्या गाजलेल्या गाण्यातलं पूर्ण नाव एका खऱ्या माणसाचं आहे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे ते गुरू. शिष्याने गुरूला वाहिलेलं फूल दारूच्या अड्ड्यावरच्या पात्राच्या तोंडी आलं. यात राग किती आणि अभिमान किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलांना विचारलं तर ती सरळ म्हणतात, गाणं भारी आहे.

पाहिल्यानंतर: लोयोलातल्या आजारी शिपायाची युक्ती

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

१५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस नावाच्या सरदाराचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन्महिने पडून राहायची वेळ आली. त्याने वेळ घालवायला शौर्याच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या, म्हणजे त्या काळच्या वेब सिरीजच म्हणा. घरात त्या नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं पाहू लागला: एकदा राजघराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम, एकदा संतांसारखं जगणं. मग त्याला एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही स्वप्नं पाहताना आनंद होतो. पण पहिल्यानंतर मन कोरडं आणि उदास होतं, दुसऱ्यानंतर आनंद मागे राहतो. पुढे संत इग्नेशियसने जी आत्मपरीक्षणाची रीत शिकवली, तिचं मूळ इथे आहे.

लक्षात घ्या, पाहताना मजा आली का, हा निकष त्याने धरलाच नाही. मजा दोन्हीकडे होती. त्याने मागे उरलेली चव पाहिली.

हे घरी असं करा. पडदा बंद झाला की मोबाइल हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं तशीच जाऊ द्या. हे सगळ्यात अवघड आहे, कारण हात आपोआप खिशाकडे जातो. मग स्वतःला विचारा: आत्ता माझं मन कसं आहे? जड, हलकं, चिडलेलं, घाबरलेलं, कोणाला तरी फोन करावासा वाटणारं? घरातल्या माणसांकडे पाहताना ती आधीपेक्षा जवळची वाटतात की कमी पडतात? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा, काय आठवतंय? एखादा चेहरा, एखादा संवाद, की काहीच नाही? ‘काहीच नाही’ हेही उत्तर आहे, आणि तीन तासांच्या मोबदल्यात ते महाग आहे.

जड वाटलं म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. दंगलीवरचा किंवा छळछावणीवरचा चांगला चित्रपट माणसाला रात्रभर झोपू देत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याशी वेगळं बोलतो. ते ओझं कामाचं आहे. कोरडेपणा वेगळा. कोरडेपणात माणूस आणखी एक भाग लावतो. महिनाभर हे केलंत की वहीतल्या नोंदींसमोर एक-एक शब्द लिहिता येतो, आणि काय सोडायचं ते वहीच सांगू लागते. माझ्या वहीने मला गुन्ह्यांच्या सत्यकथा सोडायला लावल्या. त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं. पण मी रिक्षावाल्याकडे संशयाने पाहू लागले होते.

मुलांशी बोलताना: नाथानाकडून शिका

दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला मारवलं. नाथान संदेष्टा राजासमोर गेला, पण आरोप करून सुरुवात केली नाही. त्याने गोष्ट सांगितली: श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी. श्रीमंताने तीच कापली. राजा संतापला आणि न्याय देऊन मोकळा झाला. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच (२ शमुवेल १२). गोष्ट पहारेकऱ्यांना चुकवून आत जाते. म्हणून ती धोक्याचीही आहे आणि औषधही.

तेव्हा मुलाला ‘यातून काय धडा घेतलास?’ असं विचारू नका. त्याला तोंडपाठ उत्तर येतं आणि गप्पा तिथेच मरतात. ‘तुला कोण आवडलं?’ विचारा. खलनायक आवडला म्हणाला तर दचकू नका. ‘का?’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. एका मुलाला एका गुंडाचं पात्र फार आवडायचं. पाचव्या मिनिटाला कळलं, तो गुंड आपल्या माणसांना कधी सोडत नाही म्हणून. मुलाचे वडील बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. तिथे सिनेमा बाजूला राहिला.

लहानग्यांसोबत मात्र शेजारी बसून पाहायचं, याला पर्याय नाही. कुलूप आणि पिन ही तुमच्या जागी बसणारी माणसं नाहीत.

बायबलवरचे सिनेमे आणि मालिका

यांना सवलत देऊ नका. उलट जास्त काळजी घ्या, कारण इथे आपण पहारा खाली ठेवून बसतो. नियम एकच: आधी बायबलमधला तो उतारा मोठ्याने वाचा, मग पाहा, मग दोन रंगांची पेनं घेऊन काय पुस्तकातलं आणि काय जोडलेलं ते लिहा.

मजा येते. बाळ येशूला भेटायला आलेले मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन आहेत एवढंच. मरिया मग्दालिया वेश्या होती असं एकाही शुभवर्तमानात नाही. लूक ८:२ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे. तिची आणि पापी स्त्रीची सरमिसळ पोप ग्रेगरी पहिले यांच्या ५९१ मधल्या प्रवचनाने पक्की केली, आणि पडद्याने ती आजपर्यंत चालवली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या बरोबरीचा सणाचा दर्जा दिला, तरी सिनेमातली तिची लाल साडी काही उतरत नाही.

जोडलेलं सगळं वाईट असतं असं नाही. पेत्राच्या बायकोला चेहरा देणाऱ्या लेखकाने काही तरी विचार केलेला असतो. तिच्या आईचा ताप शुभवर्तमानात आहे, ती स्वतः नाही. फक्त कोणतं काय ते माहीत हवं.

गाणी: शब्द, चाल आणि जागा

गाणं सिनेमापेक्षा खोल जातं, कारण ते आपण पुन्हा पुन्हा म्हणतो. तेव्हा शब्द एकदा कागदावर उतरवून, चाल न लावता, मोठ्याने वाचा. लग्नाच्या हळदीत बेभान नाचवणारी काही गाणी अशी वाचली की घरातल्या मुलीच आधी ‘शी’ म्हणतात. काहींत मात्र निखळ विरह किंवा निखळ आनंद असतो. त्याला बायबलमध्ये गीतरत्न नावाचं अख्खं पुस्तक आहे, लाजायचं कारण नाही.

चित्रपटसंगीताशी आपलं नातं जुनं आहे. गोव्यातल्या पॅरिश शाळांनी (गावोगावच्या चर्चच्या शाळांनी) पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं, ती पोरं मुंबईला आली आणि स्टुडिओतल्या वाद्यवृंदात बसली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सॅबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. जुन्या गाण्यातली व्हायोलिनची लाट ऐकताना तिच्यात चर्चमधल्या गायनाची शिस्त आहे, हे मुलांना दाखवा.

चर्चमध्ये चित्रपटाच्या चालीवर भक्तिगीत म्हणावं का? दर नाताळात हा वाद होतो. माझी परीक्षा साधी आहे. चाल शब्दांशिवाय गुणगुणा. मंडळींच्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरो-हिरॉइन येत असतील तर ती चाल अजून मोकळी झालेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेतल्या गीतांचे शब्द श्रद्धेशी जुळणारे आणि मुख्यतः बायबल व उपासनाविधीतून घेतलेले असावेत असं म्हटलं, आणि त्याच दस्तऐवजात देशोदेशींच्या संगीतपरंपरेला मान द्यायलाही सांगितलं. ओवी, अभंग, भजन हे आपल्या हाताशी असताना गेल्या वर्षीच्या हिट गाण्याकडे जाणं मला आळशीपणा वाटतो. लग्नात वधू वेदीकडे येतानाचं गाणं आणि हॉलमधलं गाणं वेगळं असू शकतं. फादरांकडे यादी आदल्या महिन्यात द्या, आदल्या रात्री नको.

शेजाऱ्याचं मन

रोमकरांस १४ मध्ये पौल खाण्याबद्दल बोलतो, पण ते पडद्यालाही लागू पडतं: जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, जो खात नाही त्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. व्यसनातून बाहेर आलेल्या मामांसमोर दारूच्या पार्टीचा सिनेमा लावायचा नाही, तुम्हाला काही होत नसलं तरी.

हिंदू पुराणकथांवरच्या मालिकांचा प्रश्नही इथे येतो. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) संपवून घरी येणाऱ्यांच्या चालीत त्या काळी जरा वेग असायचा. आम्ही ते शेजारच्या काकूंच्या घरी पाहिलं. त्या टीव्हीला हार घालायच्या, आम्ही चप्पल बाहेर काढून गप्प बसायचो. शेजाऱ्याची पवित्र गोष्ट पाहताना एवढं भान पुरे. हसणं नाही, आणि आपलं नसलेलं आपलं असल्याचं नाटकही नाही.

पॅरिशमध्ये चित्रपटाची संध्याकाळ

घरी जमलं की हे करून पाहा. पंधरा-वीस माणसं पुरेत. चित्रपट दीड तासाच्या आतला निवडा, दोन संयोजकांनी तो आधी शेवटपर्यंत पाहिलेला हवा. (एकदा मी पाहिला नव्हता. मध्यंतरानंतर काय झालं ते इथे लिहीत नाही. पहिल्या रांगेत सिस्टर होत्या.) ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते. सभागृहात दाखवायचं तर हक्कदारांची परवानगी घ्या. चोरलेल्या प्रतीवर सत्याची चर्चा करायची म्हणजे गंमतच. स्थानिक तरुणांनी बनवलेले लघुपट मागितले की ते आनंदाने देतात आणि स्वतः येतातही.

सुरुवातीला प्रस्तावना नको, फक्त छोटी प्रार्थना. संपल्यावर दिवे लगेच लावू नका, दोन मिनिटं अंधार राहू द्या. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं: कोणतं दृश्य मनात राहिलं. फादर सगळ्यात शेवटी बोलतील हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या, कारण ते पहिले बोलले की बाकीचे ‘हो फादर’ म्हणून मोकळे होतात. तरुण आणि म्हातारे एकाआड एक बसवा. खुर्च्या गोलात हव्यात, म्हणजे चित्रपट सरळ रांगांत पाहायचा आणि नंतर सरकवायच्या. या सरकवण्याच्या गोंधळात संकोच बराच निघून जातो. आणि चहा चर्चेनंतरच. आधी दिलात तर अर्धी माणसं कप घेऊन आवारात जातात आणि परत येत नाहीत.